भुऱ्याला एकटं राहायला कोणी शिकवलंच नाही

डॉक्टर,

आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात मी, यजमान, नववीतला मुलगा आणि सासूबाई. गेल्या वर्षी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, कोरोनामुळे सगळं बंद असताना पार्किंगमध्ये एक देशी पिल्लू भिजत बसलेलं सापडलं. मुलानं ते वर आणलं आणि ते राहिलंच. नाव भुऱ्या. तेव्हापासून घरात चोवीस तास कोणी ना कोणी होतं. माझं ऑफिस घरूनच चालायचं, मुलाची शाळा मोबाइलवर. आता लशीचे दोन्ही डोस झाल्यामुळे लोकलचा पास मिळाला आणि आठवड्यातून तीन दिवस मी फोर्टला जायला लागले. ऑक्टोबरपासून रोज जायचंय. मुलाची सकाळची शाळा ४ तारखेला सुरू होतेय. सासूबाई घटस्थापनेला नाशिकला मोठ्या दिरांकडे जाणार, त्या दिवाळीनंतरच येतील. यजमान अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला आहेत.

संध्याकाळी मुलगा क्लासला आणि सासूबाई खाली कट्ट्यावर गेल्या की भुऱ्या गळा काढून रडतो, दार खरवडतो, दारातच शू करतो. मुलगा एकटा जरी घरी असला तरी गप्प असतो, नुसता दाराशी बसून राहतो. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं काम अजून घरूनच चालतं. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकली. सेक्रेटरी म्हणाले, कुत्रा काढा. यजमान घरी येऊन दाराची अवस्था बघितली की वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारतात. सिन्नरला मामांच्या शेतावर सोडून येऊ, मोकळा तरी राहील, असं त्यांचं म्हणणं. मुलगा म्हणतो, सोबतीला दुसरं पिल्लू आणू. दिवसभर घर रिकामं राहणार या विचारानं मला झोप लागत नाही. काय करू?

ता. क. बाहेरून आल्यावर आम्ही त्याचे पाय सॅनिटायझरनं पुसतो. सासूबाईंना त्याच्यापासून कोरोना होईल अशी भीती वाटते. हे बरोबर आहे ना?

— एक वाचक, डोंबिवली

ताई,

पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: मुलगा एकटा जरी घरी असला तरी भुऱ्या गप्प असतो. काही कुत्री एकाच माणसावर जीव टाकून बसलेली असतात. ते माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की घरात बाकीचे सगळे असूनही त्यांना चैन पडत नाही. त्यांना सावरणं फार अवघड जातं. भुऱ्याचं तसं दिसत नाही. त्याला कोणीतरी घरात हवंय, मग ते कोणीही चालेल. त्यामुळे तुमचं काम निम्म्यानं हलकं झालं.

आता ‘दिवसभर घर रिकामं’ या भीतीकडे जरा घड्याळ घेऊन बघू. यजमानांच्या पाळ्यांच्या वेळा तुम्ही लिहिल्या नाहीत, मी नेहमीच्या सात-तीन, तीन-अकरा आणि रात्रपाळी अशा धरतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात ते सकाळी सहाला निघतील, तुम्ही आणि मुलगा साडेसातच्या आत. मुलगा साडेबाराला परत. म्हणजे घर रिकामं फार तर पाच तास, आणि तेही सकाळचे, जेव्हा फिरून आणि खाऊन आलेलं कुत्रं एरवीही झोपतंच. यजमान चारपर्यंत घरी येतात, तेव्हा मुलगा क्लासला गेला तरी प्रश्न नाही. दुसऱ्या पाळीत ते दुपारी दोनपर्यंत घरीच, नंतर मुलगा आहे, रिकामी वेळ फक्त क्लासची. रात्रपाळीत ते दिवसा घरात झोपलेले असतात आणि भुऱ्याला तेवढं पुरतं. तुमच्या वेळा थोड्या मागेपुढे असतील, तरी कागदावर मांडून बघा. तुम्ही दहा-बारा तासांचं ओझं घेऊन झोपताय, प्रत्यक्षात भुऱ्याला चार-पाच तास शिकवायचे आहेत.

शिकवायचे म्हणतोय, कारण ते आपोआप येत नाही. भुऱ्याचा जन्म २०२० च्या जून-जुलैचा असावा. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तिसरा महिना संपेपर्यंत जे बघतं, ऐकतं, त्याला ते पुढे जगाचा भाग मानतं. रिक्षा, छत्र्या, शाळेतून सुटलेली पोरं, दारावर येणारी माणसं, आणि अधूनमधून घरात आपण एकटे असणं, हे सगळं त्या वयात अंगवळणी पडायला हवं. त्याच्या नेमक्या त्या आठवड्यांत रस्ते सुने होते आणि घर माणसांनी भरलेलं. एकटं असणं म्हणजे काय हे त्याला सव्वा वर्षाचा होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. सप्टेंबरात तुम्ही अचानक दार ओढून घेतलंत. माझ्याकडे सध्या येणाऱ्या टाळेबंदीतल्या पिल्लांपैकी बरीच याच तक्रारीची आहेत, आणि त्यांचे मालक माझ्याशी ‘हल्ली बिघडलाय’ या शब्दांतच बोलायला सुरुवात करतात. बिघडायला आधी काही घडलेलं असावं लागतं.

सुरुवात मोबाइलनं करा. घरात जुना फोन असेलच. तो कपाटावर ठेवून व्हिडिओ चालू करा आणि सगळे मिळून जिन्यात जा. मला पहिली पंधरा-वीस मिनिटं बघायची आहेत. तुम्ही गेल्यागेल्या तो येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, धापा टाकतो, दार ओरबाडतो, तर ती भीती. आधी निवांत झोपतो आणि तासाभरानं जिन्यात कुणाची चाहूल लागली की भुंकायला लागतो, तर तो कंटाळा किंवा राखणदारी, आणि त्यावरचा उपाय वेगळा आणि सोपा. आणखी एक खूण आहे. जाताना त्याच्या आवडीचं काही खायला ठेवा. कंटाळलेलं कुत्रं ते दोन मिनिटांत फस्त करतं. घाबरलेलं कुत्रं तोंडही लावत नाही, आणि तुम्ही परत आलात की त्याच वाटीवर तुटून पडतं. तुमच्या वर्णनावरून भुऱ्याची ती भीतीच आहे असं मला वाटतं, पण खात्री करून घ्या.

भीतीच असेल तर पुढचे तीन-चार आठवडे असे. तुम्ही घराबाहेर पडणार हे भुऱ्याला दार उघडायच्या खूप आधी कळतं. डबा भरला, ओळखपत्र गळ्यात आलं, मास्क लावला, किल्ल्यांचा आवाज झाला. त्याच्या लेखी मास्क ही तर घर सोडण्याची सगळ्यात पक्की खूण आहे, कारण सव्वा वर्षात मास्क लावून घरात बसलेलं माणूस त्यानं पाहिलेलं नाही. तेव्हा दिवसातून चार वेळा मास्क लावा आणि भाजी निवडत बसा. किल्ल्या उचला, वाजवा, परत खुंटीला लावा. पर्स खांद्याला अडकवून टीव्ही बघा. सासूबाई हसतील, हसू द्या. भुऱ्यानं मान वर करणंही सोडलं की ही पायरी झाली.

मग दार. आधी घरातल्या घरात: बेडरूमचं दार लावून दोन-तीन मिनिटं आत. नंतर मुख्य दाराबाहेर, पाच-दहा सेकंद, आणि आत. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच. वेळ सरळ चढत्या क्रमानं वाढवू नका. पाच मिनिटांनंतर एकदा एकच मिनिट, मग सात, असं वरखाली ठेवा, नाहीतर दर वेळी मागच्यापेक्षा वाईटच होतं असा त्याचा समज होतो. परत आत यायचं ते तो रडायला लागण्याआधी. रडल्यावर आलात तर रडल्यानं दार उघडतं हे तो शिकेल, आणि रडू देऊन बाहेरच थांबलात तर भीती आणखी मुरेल. त्यामुळे वेळ इतकी छोटी ठेवायची की रडण्याची पाळीच येऊ नये. पोहायला शिकवताना पोराला विहिरीत ढकलायची आपल्याकडे पद्धत होती. काही पोरं त्यातून शिकली, काहींनी जन्मभर पाण्याचं नाव घेतलं नाही. कुत्र्यांमध्ये दुसऱ्या प्रकारची जास्त.

जाताना ‘येते हं बाळा’ करून गळ्यात पडणं आणि आल्यावर दारातच कौतुक सोहळा, दोन्ही बंद. थंडपणे जायचं, थंडपणे यायचं, चपला काढून पाणी प्यायचं, मग त्याच्याशी बोलायचं.

अर्ध्या-पाऊण तासापर्यंत फार चिकाटी लागते. बहुतेक कुत्र्यांचा सगळा गोंधळ त्याच अवधीत होतो. तो टप्पा शांतपणे पार झाला की दोन तास, तीन तास बरेच लवकर जमतात. रोज दोनदा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं सराव पुरे. रविवारी सुट्टी घ्या, कुत्र्यालाही आणि स्वतःलाही.

आता अवघड गोष्ट. हा सराव चालू असताना भुऱ्या खरोखर एकटा राहता कामा नये, निदान त्याला झेपतं त्याहून जास्त वेळ. सकाळी पाच मिनिटांचा धडा आणि संध्याकाळी दीड तास रडारड असं चाललं तर सकाळची मेहनत वाया. आणि तुमच्याकडे तारखा जवळ आल्यात.

सासूबाईंना नाशिकचा बेत पुढे ढकला असं मी सांगणार नाही. दीड वर्ष त्या फ्लॅटमध्ये कोंडल्यासारख्या राहिल्या, कोरोनामुळे बंद असलेली देवळं ७ ऑक्टोबरला उघडतायत, आणि नाशिकला जाऊन सप्तशृंगीला जायची त्यांची इच्छा असेल तर कुत्र्यासाठी ती मोडणं मला पटत नाही. या घरात मोकळा वेळ असलेलं दुसरं एक माणूस आहे, आणि पत्रात त्याचं नाव फक्त रागावताना येतं. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात यजमान दुपारी दोनपर्यंत घरी असतात. दाराबाहेर पाच सेकंद उभं राहायचं काम त्यांनाच करावं लागेल, कारण त्या वेळी तुम्ही लोकलमध्ये असाल. शक्य असेल तर ऑक्टोबरात पाळी बदलून दुसरी किंवा रात्रपाळी मागून घ्यावी, आणि पहिल्या पाळीचा आठवडा आलाच तर चार दिवसांची रजा टाकावी. तेही जमलं नाही तर सकाळच्या त्या पाच तासांत शेजारच्या कुणा काकूंना थोडे पैसे देऊन घरी बसवा, किंवा भुऱ्यालाच त्यांच्याकडे सोडा. त्याला कोणीतरी लागतं, तुम्हीच लागत नाही, याचा फायदा इथे होतो. घरकामाला मावशी येत असतील तर त्यांची वेळ त्या पाच तासांच्या मधोमध सरकवा. क्लासच्या दीड-दोन तासांसाठी मुलाच्या एखाद्या मित्राला विचारा. या वयातली पोरं कुत्र्यासाठी फुकट येतात.

मारण्याबद्दल मी यजमानांनाच लिहितो, पत्र त्यांना वाचायला द्या. दादा, तुम्ही घरी येता तेव्हा दार खरवडून तास झालेला असतो. भुऱ्या तो मार दाराशी जोडू शकत नाही, तुमच्या येण्याशी जोडतो. मग तुम्ही म्हणाल, पण त्याचं तोंड तर अपराध्यासारखं होतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं २००९ मध्ये हेच तपासलं होतं. कुत्र्यानं खाऊ चोरला की नाही याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. ‘अपराधी’ चेहरा कुत्र्यांनी दोष केल्यावर केला नाही, मालक रागावल्यावर केला. काहीच न केलेल्यांनीसुद्धा. ज्याला आधीच दाराची भीती आहे त्याला आता दाराची आणि दारातून येणाऱ्या माणसाची, अशा दोन भीत्या झाल्यात. शू फडक्यानं पुसा, वास जाईल असं धुवा, आणि गुंडाळी रद्दीत टाका.

सिन्नरचं शेत. ही कल्पना शहरातल्या प्रत्येक घरात निघते आणि बोलणाऱ्याच्या मनात एक हिरवंगार चित्र असतं. तिथे प्रत्यक्षात काय आहे? वस्तीवरच्या कुत्र्यांची ठरलेली हद्द आहे, आणि फ्लॅटमध्ये वाढलेल्या, कुत्र्यांची भाषाही धड न शिकलेल्या भुऱ्याला ती हद्दीत घेणार नाहीत. सिन्नर-निफाडच्या उसात बिबटे आहेत आणि रात्री अंगणात बांधलेलं कुत्रं हे त्यांचं सोपं भक्ष्य. आणि ज्या प्राण्याला दीड तास एकटं राहणं सोसत नाही, त्याला रात्रभर खळ्यावर एकटं ठेवायचं. प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. त्यामुळे कायद्याचा धाक मी घालत नाही, नुसतं हा पर्याय काढून टाका म्हणतो. उद्या खरोखरच सांभाळणं अशक्य झालं तर माणसांत राहणारं दुसरं घर शोधू. मी मदत करेन.

दुसरं पिल्लू? नको. भुऱ्याला सोबत हवी आहे ती माणसाची. कुत्र्याच्या सोबतीनं क्वचित फरक पडतो, पण पडला नाही तर नवीन पिल्लू जुन्याकडून पहिला धडा गळा काढण्याचाच घेतं.

खालच्या गृहस्थांशी मात्र तुम्ही स्वतः जाऊन बोला, ग्रुपवर नाही. ते दिवसभर कॉलवर असतात आणि डोक्यावर रडणं चालू असतं, त्यांची चिडचिड खोटी नाही. त्यांना सांगा की अमुक आठवड्यांत हा सराव चालू आहे, आणि त्यांच्या महत्त्वाच्या बैठकांच्या वेळा विचारून घ्या; त्या वेळी घरात कोणीतरी असेल असं बघा. शिवाय भुऱ्या नेमका कधी आणि किती वेळ रडला हे त्यांच्याइतकं अचूक तुम्हाला कोणी सांगू शकणार नाही. तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याला हिशेब ठेवायला दिला की तो बऱ्याचदा आपल्या बाजूचा होतो. सेक्रेटरींसाठी एवढंच: केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेचा ठराव असला तरी. हे माहीत असू द्या, पण पहिल्याच बोलण्यात काढू नका. कायदा दाखवल्यानं कुत्रा घरात राहतो, रडणं थांबत नाही.

सकाळी जरा लवकर उठावं लागेल. तुम्ही निघायच्या आधी अर्धा तास भुऱ्याला खाली न्या आणि ओढत पळवू नका, जिथे नाक लावेल तिथे लावू द्या. वास घेऊन कुत्रं दमतं, नुसतं चालून तितकं दमत नाही. मग सकाळचं खाणं वाटीत न देता पोकळ रबरी खेळण्यात बिनमिठाचा दहीभात भरून रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवलेला, तो द्या. चाटत बसायला त्याला भरपूर वेळ लागतो. खेळणं आणायचं नसेल तर जुन्या टॉवेलाच्या घड्यांत त्याचं कोरडं खाणं लपवा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट यातलं काही त्यात जाऊ देऊ नका. दिवाळीचा फराळ घरात येईल तेव्हा चिवड्यातले बेदाणे लक्षात ठेवा, बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात.

दिवाळीचं निघालंच आहे तर, लक्ष्मीपूजन यंदा, २०२१ मध्ये, ४ नोव्हेंबरला. फटाक्यांच्या दोन-चार दिवसांत एकटं राहण्याचा सराव पूर्ण बंद ठेवा, आणि मुलगा कितीही म्हणाला तरी भुऱ्याला दिवाळी पहाटेला फडके रोडवर जमणाऱ्या गर्दीत नेऊ नका. गर्दी आता हळूहळू परततेय, त्याला ती लांबून, थोडी थोडी दाखवायची.

त्याआधी एकदा जवळच्या पशुवैद्याकडे जाऊन या. दारातली शू भीतीनंच होतेय, मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गानं किंवा गोचीड तापानं नाही, हे तपासून घ्यायला हवं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस दिली असेल तर वर्षाचा बूस्टर आत्ताच लागू झालाय. टाळेबंदीत बऱ्याच जणांचे डोस हुकलेत, कार्ड काढून तारखा बघा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचलेलं पाणी भुऱ्या पीत असेल तर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लशीचंही विचारा. नखांतून रक्त येईपर्यंत दार ओरबाडत असेल किंवा खिडकीतून उडी मारायला बघत असेल तर नुसत्या सरावानं भागणार नाही. भीती कमी करणारी औषधं आहेत, ती काही आठवडे द्यावी लागतात आणि सरावाच्या जोडीनं चांगली चालतात. ती पशुवैद्यानंच ठरवायची. घरातली झोपेची गोळी अर्धी करून देणं हा भयंकर प्रकार आहे, तो करू नका.

आता ता. क.चं. सॅनिटायझर आजपासून बंद. त्यात अल्कोहोल असतं, कुत्रं पाय चाटतं आणि ते पोटात जातं, शिवाय पंजे फुटतात. साध्या पाण्यानं पाय धुऊन कोरड्या टॉवेलानं पुसले की झालं, बोटांच्या मधली जागा विशेष, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. कोरोनाचं म्हणाल तर तो बहुतेक करून माणसाकडून प्राण्याकडे जातो. २०२१ च्या मे महिन्यात हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह बाधित निघाले, तेव्हाही संशय माणसांवरच होता. घरच्या कुत्र्यापासून माणसाला होण्याचा धोका फार कमी मानला जातो. सासूबाईंना नाशिकच्या प्रवासात मास्क सोडू नका म्हणून सांगा, त्यांना धोका असलाच तर तिथे आहे. आणि घरात कोणी पॉझिटिव्ह आलंच, तर त्या माणसानं जसं तुमच्यापासून तसं भुऱ्यापासूनही वेगळ्या खोलीत राहायचं, भुऱ्याचं खाणंपिणं आणि फिरवणं दुसऱ्यानं करायचं.

मोबाइलवरची चित्रफीत काढली की मला पाठवा, पहिली वीस मिनिटं, न कापता.